मागच्या सीटखालचा पंखा

कसारा घाट चढताना
आठ काड्यांच्या दोन झाल्या, बघता बघता,
आणि उतारावर तितक्याच घाईनं भरल्या.
"असं खोटं भरणं वाईट," मुश्ताक म्हणाला,
अंबडच्या शेडमध्ये मागची सीट उपसत.

अकरा वर्षं. अठ्ठावीस खण.
मल्टिमीटरची टोकं एकेकाला टेकवत गेला,
सतराव्यावर थांबला.

पंखा तर महिनाभर घोंघावत होता;
मी रेडिओ मोठा करत होते.

जाळीत गच्च बसलेले भुरे केस.
"कुत्रा होता का, ताई?"

होता. दर रविवारी, खिडकीशी,
गंगापूर धरणापर्यंत.
त्याच्याच केसांनी म्हणे बॅटरीचा श्वास कोंडला.

नवा पॅक टाका म्हटलं.
आकडा ऐकला, मान हलवली.
जाळी तेवढी परत मागितली,
न झटकता.