दुरुस्तीतळ

मूळ मालिकेबद्दल वाद नाही, ती सगळ्यांचीच.
'ध्रुवयान'. पाच पर्वं, एक कप्तान, आठवड्याला एक ग्रह,
आणि बेचाळिसाव्या मिनिटाला न्याय.
भांडण होतं तिच्या पोटच्या तीन पोरांवरून.

अडिवेप्पा तुरमुरीचं मत 'आरंभ'ला.
कप्तानाचा आजा, पहिलं इंजिन, पितळी बटणं.
कौलांचा टेम्पो अनमोडला उतरवून आला की
माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा,
खर्च केलाय बघ, खर्च दिसतोय की.
मी सोल्डरचा धूर फुंकत म्हणायचो,
ज्याचा नातू आधीच पाहिलाय
त्याला पन्नास गोळ्या लागू देत,
मी कशाला चहा थांबवू?

'छात्र'वर एकमत. केस चांगले होते पोरांचे.

आणि माझी 'दुरुस्तीतळ'.
यानं मोडून येतात, नीट होऊन निघून जातात,
मालिका तिथंच राहते.
पैसा नाही, हे पहिल्या भागातच कळतं:
मूळ यानाचाच जिना, उलटा लावलेला.
एका अख्ख्या भागात एक बाई झडप बसवते,
ती बसत नाही.
कोणत्या ग्रहाच्या हद्दीत हा तळ, ते दोन्ही नकाशांत वेगळं.
इथं कुणी हसून खानापूरचं नाव काढलं
की मी आत जाऊन उगाच स्क्रू मोजायचो.
सगळंच काय आपल्यावर लिहिलेलं नसतं.

तो कन्नडात बघायचा, मी हिंदीत.
मराठीत ती कधी आलीच नाही.
त्याच्या तळावरचा म्हातारा मिस्त्री चिडका,
माझ्या तळावरचा थकलेला,
आणि ओठ दोघांचेही तिसरीच भाषा बोलायचे.

दीड पर्वात बंद केली.
शेवटचा भाग, गुरुवार, रात्री साडेनऊ.
अकरा मिनिटं उरली असताना हेस्कॉमनं लाइन काढली.
काळ्या काचेत मी, हातात टेस्टर.

सकाळी अडिवेप्पा टेम्पो चालू ठेवूनच उतरला.
काय करूलालास? बघितलास?
नाही म्हटल्यावर त्यानं सांगितलं,
अर्धं कन्नड, अर्धं हातांनी:
झडप बसते. बाई एकेक दिवा विझवत जाते.
शेवटच्या दिव्याशी थांबते,
बाहेर कुणीतरी मोडकं यान हॉर्न देतंय.
ती दिवा तसाच ठेवते.
मुगीतु, म्हणाला, आणि डोळ्यांत धूळ गेल्यागत तोंड फिरवलं.

त्या दिव्यावर मी वीस वर्षं 'दुरुस्तीतळ'ला
पहिला नंबर देत आलो.

परवा भाचा, श्रीधर, मोबाइल घेऊन आला.
मामा, सगळे भाग आहेत ह्यात.
अकरा मिनिटं. बघितली.
मूळ मालिकेतला कप्तान येतो, पाहुणा म्हणून,
कोट कडक इस्त्रीचा.
भाषण करतो. सगळ्यांना बढती.
झडपेचं कुणी नावही काढत नाही.
हॉर्न नाही. दिवा नाही.

मग आठवलं ते साधंच होतं,
इतकी वर्षं वायरी जोडूनही न सुचलेलं:
त्याचं घर आणि माझं दुकान
एकाच ट्रान्सफॉर्मरवर.
त्या रात्री तोही अंधारातच बसला असणार,
आणि सकाळपर्यंत माझ्यासाठी काहीतरी जुळवत.
त्याला तर ती मालिका आवडतही नव्हती.

आज आला. गुडघा धरून, टेम्पो आता पोरगा चालवतो.
रिमोटचं झाकण बसवता बसवता म्हटलं,
'आरंभ' पण तशी वाईट नव्हती, अडिवेप्पा.
तो बघतच राहिला.
मग उलटा हात माझ्या कपाळाला लावून म्हणाला,
ताप हाय काय रे तुला?