चौऱ्याऐंशी मैल

पस्तीस इंची टायर. बाबांनी ते बसवले तेव्हा
आई ट्रकभोवती एक फेरी मारून आली,
"शिडी लागेल मला," एवढंच म्हणाली.
बाबांनी तिला लाकडाची पायरी करून दिली, कडा घासून.
जॉर्डनबाहेरचा चिखल ज्यानं पाहिलाय
त्याला टायरचं कारण विचारावंसं वाटत नाही.
आम्ही त्याला गंबो म्हणतो. पाय सोडतो, बूट ठेवून घेतो.

मग निळ्या वहीत पडझड सुरू झाली.
दर भरणीला तारीख, गॅलन, मैल,
आणि सतराचं ॲव्हरेज एकदम साडेतेरावर.
बाबांनी आधी पंपवाल्या रॉस्कोवर संशय घेतला,
मग पश्चिमेच्या वाऱ्यावर,
मग माझ्या उजव्या पायावर.

एका रात्री विनेटच्या रस्त्यावर डेप्युटी क्वांबेकनं थांबवलं.
"ॲन्सेल, बहात्तर."
"काटा पासष्टवर होता."
"काटा तुझा. रस्ता काउंटीचा."

त्या रविवारी ते मला घेऊन निघाले.
मैलांच्या हिरव्या पाट्या मी मोजायच्या, मोठ्यानं.
आकड्यावर नजर त्यांची.
माझ्या दहा झाल्या, मीटर नवावरच.
ते हसले नाहीत.
"मोठं चाक एका फेरीत जास्त जमीन खातं,
मीटर बिचारं नुसत्या फेऱ्या मोजतं.
चाक बदललंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

समासात पेन्सिलीनं गुणाकार केला:
साडेतेराचे जवळजवळ पंधरा.
त्याखाली, बारीक अक्षरात:
"उरलेले दोन खरेच गेले. वजन. वारा. हौस."

दुरुस्त करून घ्या, मी म्हटलं.
हो म्हणाले. केलं नाही.
त्याच हिवाळ्यात आईचं डायलिसिस सुरू झालं,
आठवड्यातून तीनदा, माइल्स सिटीला.
ती आकड्याकडे बघत बसायची. ओठ हलायचे.
परतताना फाटकापाशी, डोळे मिटलेले:
"किती झाले?"
"शहात्तर. बघ ना, लिहिलंय समोर."
"पूर्वी जास्त वाटायचं," ती म्हणायची.
आणि माझे बाबा, ज्यांनी एका सेंटसाठी
रॉस्कोशी महिनाभर बोलणं टाकलं होतं,
गप्प राहून फाटक उघडायला उतरायचे.

आता ट्रक माझा. लुईसटाउनच्या गॅरेजमध्ये
कोल्टननं केबल जोडली, टायरचं माप टाइप केलं.
च्युइंगम संपायच्या आत काम झालं.
"पुढचं बरोबर येईल," म्हणाला, "मागचं आहे तसंच राहील."

मागचं म्हणजे, मी घरी हिशेब केला,
पाच हजारांवर मैल, जे कुठंच लिहिलेले नाहीत.
तेवढ्यात इथून दोनदा समुद्र गाठून
परत येता आलं असतं.
आईनं समुद्र पाहिला नव्हता.

काल माइल्स सिटीला गेले. काम काही नव्हतं.
काटा पासष्टवर, आणि सगळे मला मागे टाकून जात होते.
दवाखान्याच्या दारात आकडा बघितला: चौऱ्याऐंशी.
लांबच आहे की.
इंजिन लगेच बंद केलं नाही.
शेजारच्या सीटखाली ती पायरी अजून आहे,
वळणावर सरकते,
दारावर आपटते.