प्लस एक

चाळीसचं सूत विसाच्या सुताहून बारीक,
हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक.
म्हणून इलाहीभाईनं स्टुडिओत सांगितलं,
आकडा वाढला की भोक लहान होतं,
बावीस म्हणजे सुईचं नेढं, दोन म्हणजे उघडं दार,
तेव्हा शिकायला आलेली पोरं गोंधळली
आणि मी एकटा मान हलवत बसलो.
एकोणीस वर्षं जॉबर होतो.
उलटे आकडे मला नवे नाहीत.

कॅमेरा शेठच्या पोराचा, जुना.
पट्ट्यावर त्याच्या कॉलेजचं नाव.
"गुंडेटीमामा, माग तर विकले, आता बसून काय करणार?
टॉवेलचे फोटो काढा, मी मोबाइलवर विकतो."
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग होते,
आता सहा.
मोकळ्या फरशीवर बेचाळीस मागांच्या पायांचे तेलकट डाग,
त्यांच्या मधोमध माझं टेबल.

पहिला टॉवेल पांढरा होता.
फोटोत राखेचा आला.
पुन्हा काढला. पुन्हा राख.
मे महिना, दुपारचे बारा, सोलापूरचं ऊन,
बाहेर कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही,
आणि ह्या यंत्राला उजेड पुरेना?

इलाहीभाई फोनवर हसला.
"त्याला काय कळतंय बे?
पांढरं दाखव, काळं दाखव,
तो सगळ्याला मधलंच समजतो.
तुला ठाऊक आहे ना पांढरं काय असतं?
मग सांग त्याला. प्लस एक कर."
चाक फिरवलं, तीन खटके.
टॉवेल धुऊन आल्यासारखा वर आला.
मी उगीच फोटोवरून बोट फिरवलं,
काचेवर गाठी लागत नाहीत.

एका दुपारी टॉवेल संपले
तर चालू मागासमोर उभा राहिलो.
सेकंदाचा हजारावा भाग.
धोटा हवेत थांबला,
त्याच्या शेपटाला लटकलेला धागासुद्धा.
एकोणीस वर्षं फक्त आवाज ऐकत होतो ह्याचा,
कुठला माग आजारी, ते कानानं ओळखायचो.
तोंड आज पाहिलं.

कॅमेरा घरी नेला, विडी घरकुलात.
राजमणी दारात बसलेली,
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
दिवस बुडायला आलेला, आयएसओ चढवावा लागला;
सावलीत दाणे उठले,
शेडच्या हवेत तंतू उडायचे तसे.
शटर सेकंदाचा पंधरावा भाग. श्वास धरला. दाबलं.
तिनं पाहिलं. "माझा हात कुठंय?"
खरंच, सूप होतं, बांगड्या अर्ध्या होत्या,
बोटांच्या जागी नुसता धूर.

चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी उन्हात बसवली,
पाचशेवा भाग. नखाखालचा तंबाखूसुद्धा मोजून घ्यावा
इतका स्वच्छ हात.
ती बराच वेळ बघत राहिली.
"हा माझा नव्हे. हा बसलाय."
आणि पुढची विडी बांधायला लागली.
हजार पुऱ्या व्हायच्या होत्या.

इलाहीभाई म्हणतो, हललेला फोटो पुसून टाक.
कार्ड भरलं तेव्हा मी टॉवेल पुसले,
निळे बारा, बदामी नऊ.
शेठच्या पोराला सांगितलं, रंग नीट आले नव्हते.

काल तिनंच मागितला.
पदराला हात पुसून धरला, दोन्ही हातांनी,
गरम भगुलं उतरवावं तसा.
"अर्धं दाबायचं, टुक् वाजलं की पुरं," मी म्हटलं.
"आगू," म्हणाली, "बोलू नको. हलू नको."
मी भिंतीला टेकून उभा, पोट आत घेऊन.

फोटोत मी आहे, वाफेतून बघावं तसा.
मागे भिंतीवर पिशवी अडकवायचा खिळा मात्र
एकदम लख्ख,
त्याच्यावरचा गंजसुद्धा दिसतोय.