पोळ्यातला उंदीर

बाबांच्या मधपेट्या सोचा नदीच्या वरच्या कुरणात आहेत.
निळ्या, पिवळ्या, एक विटकरी,
माशीला आपलं दार रंगावरून कळावं म्हणून.
मी खाली तोल्मिनच्या इस्पितळात,
तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत दारं राखते.
माझ्या दारांना रंग नाही, नुसते आकडे.
चारशे त्रेचाळीस उघडं. बावीस बंद.
तीन हजार तीनशे एकोणनव्वद
कुणी, कधी, कशासाठी उघडं ठेवलं
हे सांगू शकणारा माणूस निवृत्त होऊन वारलासुद्धा.

रात्रभर कुणीतरी कड्या हलवून बघत असतं.
आडनावं लावून, वाढदिवस लावून,
मिनिटाला दोनशे वेळा.
आणि फायरवॉल नाही म्हणत राहते,
न चिडता, न कंटाळता.
मला इतक्यांदा नाही म्हणता आलं असतं
तर माझं लग्न झालंच नसतं.

एक खोटं यंत्रही मांडून ठेवलंय मी,
खोट्या रुग्णांच्या खोट्या दुखण्यांनी भरलेलं.
आत घुसलेला तिथे चाटत बसतो
आणि मी त्याच्या पावलांचे ठसे मोजते.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
मधाचं बोट लावायचं तर मध तरी खरा हवा.

मंगळवारी तो कडी न हलवता आला.
हीटिंगच्या तेलाचं बिल होऊन आला,
आमच्याच बोगोमिरच्या नावानं,
बोगोमिर नेहमी करतो त्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

एक पतंग असतो म्हणे, पाठीवर कवटी काढलेला.
अंगाला पोळ्याचाच वास घेऊन रात्री शिरतो.
दारावरच्या माश्या हुंगतात
आणि बाजूला होतात.

हिशेबाच्या टेबलावर मिलोयका,
बत्तीस वर्षं बिलं हुंगणारी.
तिनं उघडलं.

नऊ अकरा.
क्ष-किरणांची चित्रं एकेक करून कुलुपात जाऊ लागली,
कुणाचं मनगट, कुणाचं फुप्फुस,
वरच्या मजल्यावर भूल घेऊन पडलेल्या एका म्हाताऱ्याचा खुबा.
नऊ चौदा. माझा फोन.
"नेझा, मी काहीतरी चुकीचं केलंय."

धोका ओळखणारी एक प्रणाली आहे आमच्याकडे,
सत्तर हजार युरोंची.
तिनं ओळखला नऊ सव्वीसला.
तोवर मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढून
भिंतीतल्या वायरी हातानं उपटल्या होत्या.
अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

उरलेलं त्सिरिलनं वाचवलं.
दर शुक्रवारी तो बॅकअपची टेप खिशात घालून घरी न्यायचा,
पावाच्या डब्यात ठेवायचा.
किती हसलो होतो आम्ही.
टेपला राईचा वास येत होता.
मनगटं परत आली, फुप्फुसं परत आली,
सोमवारी संध्याकाळी सहापर्यंतची.
मंगळवारचा खुबा आला नाही, तो पुन्हा काढावा लागला.
अरे हो, सोमवारपर्यंत कशी, शुक्रवारची टेप ना?
त्सिरिल त्या सोमवारीही घेऊन गेला होता.
का, विचारलं. म्हणाला, पाऊस येईलसं वाटलं.

संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी उघडलं?
मिलोयका खाली बघत होती.
मी म्हटलं, कुणी कळवलं ते विचारा.
तिसऱ्या मिनिटाला कळवलं.

ते यंत्र आम्ही फेकलं नाही.
वायरी काढून, चिकटपट्टी लावून कोपऱ्यात ठेवलंय.
बाबा म्हणतात, थंडीत उंदीर पोळ्यात शिरला
तर माश्या त्याला मारतात,
पण बाहेर ओढून काढणं त्यांच्या आवाक्यातलं नसतं.
मग त्याला राळेनं लिंपतात, शेपटीपासून मिशांपर्यंत,
सडू नये म्हणून.
वसंतात पेटी उघडली की सापडतो,
चकचकीत, तपकिरी, भोवती सगळं चालू.

तीन हजार तीनशे एकोणनव्वद मी बंद केलं.
कुणाचीच तक्रार आली नाही.

बोगोमिरची बिलं अजून येतात.
मिलोयका प्रत्येक वेळी फोन करून विचारते,
तूच का रे?
तो आधी रडगाणं गातो गुडघ्याचं, मग डोंगरावरच्या बर्फाचं,
आणि शेवटी आकडा सांगतो.
ती आकडा नंतर ताडून बघते.
गुडघ्यावरूनच तिनं ओळखलेलं असतं.