पाणाडी

रविवारी रात्री वडील फोनवर तेच विचारतात
ज्याचं उत्तर मी सप्टेंबरपासून तीनदा दिलंय:
"म्हणजे नक्की काय होणार तू, ओदालिस?"
भूजलतज्ज्ञ, मी म्हणते.
स्पॅनिशमध्ये हा शब्द आणखी लांब होतो,
त्यांच्या तोंडात मावत नाही. खरं तर माझ्याही.
मग मी म्हणते, विहिरी बघणारी.
पलीकडे टीव्हीचा आवाज जरा वाढतो.

मिचोआकानला त्यांच्या गावी होता असा एक पाणाड्या.
पेरूची दुबेळकी फांदी धरून अनवाणी फिरायचा,
पैशांऐवजी कोंबडी घ्यायचा.
त्याच्या शिक्षणापायी कुणी
अठ्ठावीस हजार डॉलरचं कर्ज काढलं नव्हतं.

कॉलेजच्या फॉर्मात एक रकाना होता:
पालकांचं सर्वोच्च शिक्षण.
खाली चार पर्याय. अर्धी तिसरी त्यात नव्हती.
"अर्धी नाही," आई सिंकपाशी उभी राहून म्हणाली,
"मार्चपर्यंत झाली होती."
मी 'इतर'वर खूण केली,
'इतर'मध्ये आईला बसवलं
आणि पुढच्या पानावर गेले.

ती मात्र बसत नाही.
सफरचंदांच्या शेडमध्ये बारा वर्षं पट्ट्यासमोर उभी आहे,
डागी फळ उचलायला तिला बघावं लागत नाही,
बोटांना कळतं.
घरी येते तेव्हा बाहीला, कधी केसांत
चिकटून आलेले असतात आकडे छापलेले स्टिकर,
जणू तिलाही कुणी दुकानात पाठवणार होतं.

म्हणून त्या दोघांचं स्वप्न एवढंच आहे: खुर्ची.
चाकांची असली तर उत्तम.
वर छप्पर, समोर दार,
दारावर 'सालदिवार', एकही अक्षर न चुकता.
आणि मी मागतेय रबरी बूट,
मागतेय तीच याकिमाची माती,
जिच्यातून मला वर काढायला
दोघं गुडघ्यांपर्यंत आत उभे राहिले.

करिअर सेंटरमधल्या बाईंनी विचारलं, हाच विषय का?
आवड आहे, मी म्हटलं.

उरिएल झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते.
नर्स दोन पानं देऊन गेली, इंग्रजीत.
मी पहिलं पान वाचून सांगितलं:
आपल्या विहिरीचं पाणी बाळाला चांगलं नाही.
मग कार्टून लागलं.
आई त्या दिवसापासून पाणी उकळू लागली,
आधी एकदा, मग शंका येऊन दोनदा,
भांड्याच्या तळाशी पांढरी कड धरेपर्यंत.

मागच्या मंगळवारी, दोनशे मुलांच्या वर्गात,
सरांनी सहज सांगितलं
की नायट्रेट उकळून जात नाही.
पाणी आटतं, ते तेवढंच राहतं,
उरलेल्या घोटात आणखी दाट.
दुसऱ्या पानावर बहुधा हेच होतं.

उरिएल नऊ वर्षांचा आहे, धडधाकट,
गोलपोस्टमध्ये उभा राहून सगळ्यांवर ओरडतो.
तरी माझ्या वहीत त्या दिवसाचं पान
तारखेपुढे गेलेलं नाही.

हे मी घरी सांगितलेलं नाही.
सांगायचं तर कुठल्या भाषेत, आणि कुणाला आधी?

या रविवारी मीच विचारलं:
"आपा, त्या पाणाड्याला पाणी लागलं नाही तर?
कोंबडी परत द्यायचा?"
ते हसले. खूप दिवसांनी, खोकला येईपर्यंत.
"छे! तो म्हणायचा, जागा बरोबर आहे,
तुम्हीच कमी खणलंत."

मग जेवलीस का, बर्फ पडलं का,
गाडीचा तो आवाज अजून येतो का.
फोन ठेवता ठेवता, हलक्या आवाजात:
"पण तिथं खुर्ची असेल ना गं? एक तरी?"

खोलीत मैत्रीण झोपलीय,
मी जिन्यात, थंड पायरीवर बसलेय.
असेल, मी म्हणते. असेल, आपा.