भाजका चिंचोका

मृणालचं काम बाणेरला, आठव्या मजल्यावर.
ती लोकांना प्रश्न विचारते, लोक अंगठ्यानं उत्तर देतात.
तेवढ्याचा तिला पगार मिळतो.
मी तीस वर्षं "जाड दळू की बारीक" विचारत आलो,
मला कोणी सुटे पैसेसुद्धा धड दिले नाहीत.

"मामा," ती म्हणाली, "विचारलं की माणूस थांबतो.
आपलं मत कोणी मोजतंय असं वाटलं
की दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो."

म्हणून अरण्येश्वराच्या उतारावर, माझ्या गिरणीत,
वजनकाट्याशेजारी फळा टांगला.
खाली लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या,
एक हो, एक नाही,
आणि वाडगाभर चिंचोके.

पहिला प्रश्न: भाजणीत धणे हवेतच का?
संध्याकाळपर्यंत दोन भांडणं, एक समेट
आणि एकशे बारा चिंचोके.
डबे आले होते एकोणीस.
शिंत्रेबाईंनी तीनदा मत टाकलं,
तिन्ही वेळा चष्मा पुसत, पहिल्यांदाच आल्यासारख्या.

मग रोजच.
दुपारी दुकान उघडं ठेवणाऱ्याला माणूस म्हणावं का?
स्वारगेटला सिग्नलला थांबणारा वेडा असतो का?
पोळीला चपाती म्हणणाऱ्या घरात मुलगी द्यावी का?
काही जण रागावले.
रागावलेले जास्त लवकर परत येतात,
हे मात्र मृणालनं सांगितलं नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून मोजायला बसायचो.
जातं निवत असायचं,
हवेतलं पीठ सावकाश माझ्या भुवयांवर उतरायचं.
आणि प्रश्न कुठलाही असो,
नाहीच्या बरणीत एक भाजका चिंचोका.
वाडग्यातला नव्हेच. घरून आणलेला,
काळपट, टरफल सुटलेला.

नळाला रोज पाणी यावं का? सगळे हो. भाजका, नाही.
आईच्या हातचं आठवतं का? हो, हो, हो. भाजका, नाही.
एकदा मुद्दाम उलटं विचारलं:
ओढ्यात कचरा टाकला तर चालेल का?
त्या दिवशी बिचारा बहुमतात सापडला.
करमलं नसेल त्याला.

पाळत ठेवली. इस्त्रीवाला रामसजीवन?
टेल्कोतून निवृत्त झालेले हर्डीकर?
की ती सॅकवाली मुलगी,
जिनं आजवर मूठभर दळण आणलेलं नाही?
कोणाचा हात पकडता आला नाही.
पुढे पुढे वाटायला लागलं, न पकडलेलाच बरा.

त्याच सुमाराला तयार पीठ
दहा मिनिटांत लोकांच्या दारात येऊ लागलं.
फळ्यापुढची गर्दी तशीच.
मतं दीडशे, डबे चार.
मृणालला फोन केला. ती जरा वेळ गप्प होती.
"आमच्याकडेही तेच, मामा. अंगठे पुष्कळ."

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी
विजेचं बिल खिशात ठेवून फळ्यावर लिहिलं:
गिरणी बंद करू का?

लोक यायचे, वाचायचे,
खिशात नसलेलं काहीतरी शोधायचे.
हर्डीकर म्हणाले, "थंडी फार आहे यंदा."
शिंत्रेबाईंनी एक चिंचोका उचलला,
तळहातावर धरला,
परत वाडग्यात ठेवला.
रात्री दोन्ही बरण्या रिकाम्या.
पुणेकरांना मत नाही, असा हा पहिलाच दिवस.

पुसायला नाहीची बरणी उचलली
तर तळाशी काहीतरी खडखडलं.
भाजका.

सवयीचा होता की मनापासूनचा,
ते कळायला तिसरी बरणी लागली असती.
मी तो तोंडात टाकला.
टणक. दाढेखाली घरापर्यंत पुरला.

सकाळी फळा पुसायला घेतला.
"बंद करू का" पुसून झालं, "गिरणी" राहिली.
पुढे काय लिहावं सुचेना.
तेवढ्यात शिंत्रेबाई आल्या, काखेत गव्हाचा डबा.

"जाड की बारीक?" मी विचारलं.
त्या बराच वेळ विचार करत उभ्या राहिल्या.