हँडल बदलताना

खंबाटकी उतरले की करंगळी झोपते.
मग तिच्या शेजारची,
जिला मुळात नावच नाही,
तिला हाक मारून उठवणार कशी?
सुरूरच्या टपरीवर चहाचा ग्लास
मी तीन बोटांनी धरला.
एकतीस वर्षं कॅशला बसून नोटा मोजलेली बोटं,
एक नोट कधी जास्तीची गेली नाही त्यांच्यातून,
आणि आता बिस्किटाचा पुडा फोडायला
टपरीवरच्या पोराला सांगायचं.

"हँडल बदला," युनूस तांबोळी म्हणाला.
नाना पेठेत त्याचं दुकान
म्हणजे दोन शटरांमधली एक फट.
छताला टांगलेली हँडलं:
मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली,
सरळसोट, कपडे वाळत घालायच्या काठीसारखी,
आणि एक तर चक्क फुलपाखरू.
"हे लांब जाणारे लोक घेतात."
मी म्हटलं, मीही लांबच जाणार आहे,
ताम्हिणीतून खाली, मग समुद्र उजव्या हाताला ठेवून
जिथवर गुडघे म्हणतील तिथवर.
"मग घाई कशाला?" तो म्हणाला,
आणि पुड्यातला तंबाखू न खाता परत ठेवला.

त्यानं शिंप्याची टेप काढली.
पुढे आला, थबकला,
टेप माझ्याच हातात दिली. "तुम्हीच धरा."
अडतीस सेंटिमीटर.
सायकलवरचं हँडल बासष्ट.
"इतके दिवस दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यांनी
सायकल चालवताय मॅडम."

शिंगांवर बसून पाहिलं.
दोन मिनिटांत मान म्हणाली,
रस्ता बघायचा तर तुझा तू बघ.
फुलपाखराला धरायला इतक्या जागा
की एकही आपली वाटेना.
सरळ काठीबद्दल तर काय बोलायचं,
तिच्यापायीच इथवर आले.

"डोळे मिटा. हात पुढे करा.
काही धरायचं नाही. पडतील तिथं पडू द्या."

मागून टेम्पो हॉर्न देत होता.
मी डोळे मिटले.
मनगटं आपसूक आत वळली,
अंगठे समोर, मुठी अर्ध्या,
कमरेच्या जरा वर.
"हे कुठं शिकलात?" युनूसनं विचारलं.
"असे पहिल्या झटक्यात कुणाचे पडत नाहीत."

रास्ता पेठेतलं इस्पितळ.
चाकांच्या खुर्चीच्या पाठीमागच्या
दोन काळ्या रबरी मुठी.
एक्स-रेकडे वळताना डावं चाक ओढायचं,
सासूबाई ओरडायच्या,
"ब्रेक कुठाय हिला? सावकाश गं."
दर मंगळवारी, दोन वर्षं.
त्याआधीची बावीस
आम्ही समोरासमोर काढली होती
आणि धड बोललो नव्हतो.
एकीचं तोंड पुढे, दुसरीचंही पुढेच,
तेव्हा कुठं जरा जमलं आमचं.
माझ्या हातांनी हे लक्षात ठेवलं होतं,
मला न विचारता.

"बँकेत," मी युनूसला सांगितलं.

त्यानं ढिगाच्या तळातून एक ओढून काढलं.
मागे वळलेलं, दूधवाल्यांच्या सायकलींना असायचं तसं,
फक्त हलकं, एका बाजूला गंज.
"हे कुणी घेत नाही. म्हातारं दिसतं."
"साडेसहाशेला म्हातारं चालेल," मी म्हटलं.
नोटा मोजल्या, दोनदा,
करंगळीनं कडा सारखी केली.
त्यानं हँडल दोन बोटं वर घेतलं,
सुती पट्टी गुंडाळली,
टोकांना बुचं ठोकली
आणि माझं काम संपल्यासारखा
दुसऱ्याच्या पंक्चरकडे वळला.

क्वार्टर गेटला जरा फिरवून आणते म्हणाले
आणि निघाले उलट्या बाजूला.
इस्पितळाच्या फाटकावरून गेले, थांबले नाही.
वॉचमन नवा होता.
पुढे मोकळा रस्ता लागला तसं
एकेक बोट उचलून पाहिलं,
दहाच्या दहा जागी होती,
बिननावाचीही.

ब्रेक मात्र जरासा लांब लागतो.
उद्या जाऊन सांगायला हवं.